मोरिन्या : गोठ्यातून निघालेलं दुःख

कळपातली एक मेंढी मागे पडू लागते. सगळ्यांबरोबर चरायला जाते, मान खाली घालते, पण गवताला तोंड लावत नाही. काही दिवसांनी तिच्या जबड्याखाली मऊ सूज दिसते, डोळ्यांतली लाली उडते, लोकर ओढली की हातात येते. अंगावर कुठे जखम नसते. कळप पुढे सरकतो आणि ती उभ्या जागी उभी राहते. स्पेनच्या वायव्य टोकाला, अटलांटिक महासागराच्या काठावर गलिसिया नावाचा हिरवागार, ओला मुलूख आहे. तिथल्या गुरं-मेंढरं राखणाऱ्यांच्या बोलीत अशा आजारपणाला एक नाव होतं: मोरिन्या.

आज त्याच गलिसियात, आणि साऱ्या स्पेनमध्ये, मोरिन्या म्हणजे गावाच्या आठवणीनं जिवाला लागलेली हुरहुर. परमुलखात राहणारा मुलगा फोनवर आईला ‘मला मोरिन्या झाली आहे’ असं सांगतो, तेव्हा दोघांच्याही मनात मेंढरं नसतात. स्पॅनिश अकादमीच्या शब्दकोशात मात्र दोन्ही अर्थ अजून एकाच छपराखाली राहतात. पहिला अर्थ उदासी, विशेषतः जन्मभूमीच्या आठवणीनं आलेली. दुसरा अर्थ जनावरांना, मुख्यतः मेंढरांना होणारा जलोदर. गुरांच्या रोगाचं नाव माणसाच्या विरहाला मिळालं आणि तिथेच रुजलं. हा प्रवास मला कुठल्याही राजघराण्याच्या इतिहासाइतका मोलाचा वाटतो.

आधी शब्दाचं अंग तपासू. उच्चारताना ‘र’ जिभेच्या टोकावर चांगला घोळवायचा आणि शेवटचा ‘न्या’ आपल्या ‘कन्या’तल्यासारखा म्हणायचा. भर मधल्या ‘रि’वर. या दोन ध्वनींतच त्याचं गाव कळतं. मरणे या क्रियेला स्पॅनिशमध्ये ‘मोरिर’ म्हणतात आणि त्यातला ‘र’ एकेरी, हलका आहे. गलिसियन आणि पोर्तुगीज भाषांत मात्र ‘मोर्रेर’ म्हणतात, तिथे ‘र’ घोळवलेला, दुहेरी आहे. मोरिन्यातला ‘र’ दुहेरी आहे. शिवाय ‘इन्या’ हे शेपूट खास गलिसियन-पोर्तुगीज वळणाचं. लॅटिनमधल्या ‘इना’ या प्रत्ययाचं या भाषांत ‘इन्या’ झालं; लॅटिन ‘गाल्लिना’, म्हणजे कोंबडी, गलिसियनमध्ये ‘गालिन्या’ झाली. गलिसियन लोक हा ध्वनी स्पॅनिशसारखा ‘न’वर लहर काढून लिहितात, पोर्तुगीज लोक ‘न’पुढे ‘ह’ जोडून. लिहिण्याची तऱ्हा वेगळी, शब्द एकच. स्पॅनिशमध्ये तो पाहुणा म्हणून आला आणि आपला गावाकडचा उच्चार त्यानं सोडला नाही.

मूळ धातू मरणाचा. लॅटिनमधलं ‘मोरी’ म्हणजे मरणं, आणि ते आपल्या फार जवळच्या नात्यातलं आहे. संस्कृतातला ‘मृ’ आणि लॅटिनचा ‘मोरी’ एकाच आदिम भारोपीय धातूपासून निघाले. म्हणून मोरिन्या आणि मराठीतलं ‘मरणे’ ही दूरची, पण सख्खीच चुलत भावंडं ठरतात. गंमत अशी की मराठी शेतकऱ्यानंही याच धातूतून नेमकी तीच कामं करून घेतली आहेत. हरभऱ्याची झाडं उभ्या उभ्या वाळू लागली की तो ‘मर लागली’ म्हणतो. कोंबड्या, शेळ्या धडाधड दगावल्या तर ‘मरतूक झाली’ म्हणतो. हाडं वर आलेलं जनावर ‘मरतुकडं’. गावावर आलेली साथ म्हणजे ‘मरी’, आणि तिच्यापासून राखणारी मरीआई वेशीवर बसलेली. गलिसियन गुराख्यानं आपल्या ‘मोर्रेर’ला प्रत्यय जोडून साथीचं नाव केलं, तेव्हा त्याच्या डोक्यात जो हिशेब होता, तो आपल्याकडच्या धनगराला समजावून सांगावा लागला नसता.

हा शब्द एकटाही नाही. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘मोरिना’ होता, जुन्या फ्रेंचमध्ये ‘मोरीन’. फ्रेंचांकडून तो इंग्लंडला गेला आणि तिथे ‘मरेन’ झाला. इंग्रजी बायबलच्या जुन्या भाषांतरात इजिप्तवर ओढवलेलं पाचवं संकट, म्हणजे गुराढोरांवरची महामारी, याच शब्दानं सांगितलं आहे. पण इंग्लंडमध्ये तो गोठ्यातच राहिला आणि पुढे शापाच्या बोलीत उरला. पोर्तुगालमध्ये त्याला जनावरांची खरूज, अंगात मुरलेली कसर आणि दिवसभर रेंगाळणारा भुरभुर पाऊस असे अर्थ फुटले. ब्राझीलमध्ये अंगाच्या घाणेरड्या वासाला तो चिकटला. एकाच घराण्यातल्या या भावंडांपैकी माणसाच्या काळजापर्यंत पोचला तो मुख्यतः गलिसियातला.

असं का झालं, हे समजायला गलिसियातलं जुनं घर डोळ्यांपुढे आणायला हवं. जाड दगडी भिंती, मधोमध चूल, आणि चुलीपासून हाकेच्या अंतरावर, बहुतेकदा एकाच छपराखाली, गुरांचा गोठा. काही घरांत खाली गुरं आणि वर माणसं. थंडीत जनावरांच्या अंगची ऊब घराला मिळे. जमिनीचे तुकडे वाटण्या होऊन होऊन इवलेसे झालेले. त्यामुळे एक-दोन गाई हाच संसाराचा कणा होता. तीच दूध देई, तीच गाडी ओढी, तीच नांगराला. एकोणिसाव्या शतकात इथले बैल व्हीगो आणि कोरुन्याच्या बंदरांतून बोटींत भरून इंग्लंडला विकले जात. तेवढीच रोख रकमेची वाट होती. असं जनावर दगावलं तर घर बसे. म्हणून त्याच्या डोळ्यांतली, चालीतली, रवंथातली प्रत्येक खूण घरातल्या बाईला पाठ असे.

त्यात पाऊस. अटलांटिकवरून येणारे ढग वर्षातले कित्येक महिने या मुलखावर रेंगाळतात. सतत ओल्या राहणाऱ्या कुरणात छोट्या गोगलगाई वाढतात, त्यांच्या पोटातून चपट्या कृमीची पिल्लं गवतावर येतात आणि मेंढीच्या यकृतात जाऊन बसतात. मग रक्त आटतं, जबड्याखाली पाणी साठतं. मेंढरांना होणाऱ्या जलोदराचं हे एक मोठं कारण. जुन्या गुराख्यानं सूक्ष्मदर्शक पाहिला नव्हता. त्याला दिसत होतं ते एवढंच की ओल जितकी जास्त तितकी मोरिन्या जास्त, आणि ती झालेलं जनावर खात नाही, खेळत नाही, कळपात असून कळपात नसतं.

याच शेवटच्या खुणेनं शब्दाला दुसरं दार उघडलं असं मला वाटतं. ज्यानं गुरं पाळली आहेत त्याला ठाऊक असतं की बाजारातून आणलेली गाय पहिले काही दिवस नव्या दावणीला वैरण सोडते, आल्या वाटेकडे तोंड करून हंबरते. तिला रोग झालेला नसतो, पण खुणा रोगाच्याच. घरापासून तुटलेल्या माणसातही त्याच खुणा दिसतात. ताटावरून उठणं, नजर कुठे तरी लागणं, माणसांत असून नसणं. आजारी जनावराची लक्षणं रोज पाहणाऱ्यांनी ती आपल्या माणसातही ओळखली आणि तेच नाव दिलं. यात मला अलंकार दिसत नाही, निदान दिसतं.

डॉक्टरांना हेच निदान करायला वेगळी वाट घ्यावी लागली. १६८८ साली योहानेस होफर या तरुणानं बाझल इथल्या विद्यापीठात वैद्यकाचा प्रबंध सादर केला. घरापासून दूर गेलेले स्विस लोक खंगत जातात, त्यांना ताप येतो, अन्न जात नाही, हे त्यानं नोंदवलं. बर्नहून बाझलला शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याची हकिकत त्यात आहे. तो मरणाच्या दारात पोचला होता, आणि घरी न्यायला निघाल्यावर वाटेतच सुधारू लागला. या आजाराला होफरनं ग्रीक शब्द जोडून नाव घडवलं: ‘नोस्तोस’ म्हणजे घरी परतणं, ‘आल्गोस’ म्हणजे वेदना. त्यातून ‘नॉस्टॅल्जिया’ जन्मला. पुढे त्यातला आजार विरत गेला आणि जुन्या दिवसांची गोड आठवण एवढाच अर्थ उरला. मोरिन्याचा प्रवासही आजाराकडून भावनेकडेच झाला, पण तिचं नाव पंडितांच्या ग्रीकमधून आलं नाही. शेणामातीनं भरलेल्या हातांनी ते ठेवलं.

गलिसियन माणूस घराबाहेर पडला तो आधी पायी. उन्हाळ्याच्या सुरुवातीला कापणीकऱ्यांच्या टोळ्या विळे घेऊन डोंगर ओलांडून कास्तियच्या पठारावर जात आणि तिथला गहू कापून महिन्या-दोन महिन्यांनी परत येत. माद्रिदमध्ये घरोघर पाणी पोचवणारे भिस्ती, ओझी वाहणारे हमाल, दाया, मोलकरणी यांच्यात गलिसियन माणसं मोठ्या संख्येनं असत. जिथे माणसं गेली तिथे त्यांचं दुखणं गेलं आणि दुखण्याचं नावही. स्पॅनिश बोलणाऱ्या घरांनी तो शब्द आपल्या चाकरांच्या तोंडून ऐकला. स्पॅनिशकडे याच अर्थाचे इतर शब्द होते, तरी तो टिकला, कारण तो ज्यांच्याकडून आला त्यांच्या चेहऱ्यावर त्याचा अर्थ लिहिलेला होता.

या स्थलांतराला कादंबरीत जागा दिली ती एमिलिया पार्दो बासान यांनी. त्या १८५१ साली कोरुन्यात जन्मल्या. १८८९ साली त्यांची ‘मोर्रिन्या’ याच नावाची स्पॅनिश कादंबरी आली. तिची नायिका माद्रिदमध्ये घरकाम करणारी गलिसियन मुलगी. आपल्या मुलखाच्या माणसांत राहायला मिळावं म्हणून ती एका गलिसियन विधवेच्या घरी चाकरी मागते. त्या घरच्या मुलावर तिचा जीव जडतो. शेवटी मायलेक गावी जायला निघतात आणि तिला मागे ठेवतात. कथा तिच्या मृत्यूनं संपते. शब्दाच्या पोटात दडलेलं मरण लेखिकेनं पुन्हा उजेडात आणलं.

पण खरी ताटातूट समुद्रानं केली. १८५३ साली पावसानं पिकं बुडवली आणि गलिसियात भीषण दुष्काळ पडला. उपाशी माणसं सांतियागो शहराच्या रस्त्यांवर भीक मागत फिरली. १८५४ साली एका राजकारण्यानं सुमारे १७०० गलिसियन तरुणांना करारानं क्युबाला पाठवलं आणि तिथे त्यांना गुलामांसारखं राबवलं गेलं. अनेक जण परतलेच नाहीत. तरीही पुढच्या शंभर वर्षांत लाखो माणसं त्याच वाटेनं गेली: हवाना, बुएनोस आइरेस, मॉंतेविदेओ. इतकी, की अर्जेंटिनात आजही कुठल्याही स्पॅनिश माणसाला सरसकट ‘गायेगो’, म्हणजे गलिसियन, म्हणतात. गलिसियाचे प्रांत चार. बुएनोस आइरेसला लोक पाचवा प्रांत म्हणू लागले.

मागे राहिल्या बायका. त्यांनी शेत नांगरलं, मुलं वाढवली, पत्रांची वाट पाहिली. त्यांचं दुःख शब्दांत धरलं रोसालिया दे कास्त्रो यांनी. १८६३ साली त्यांचा ‘कांतारेस गायेगोस’ हा संग्रह आला आणि कित्येक शतकं फक्त चुलीपाशी बोलल्या गेलेल्या भाषेला पुन्हा छापील वाङ्मयाची जागा मिळाली. त्या पुस्तकाच्या शताब्दीला, १९६३ साली, १७ मे हा गलिसियन साहित्याचा दिवस ठरला. तो आजही पाळला जातो. १८८० सालच्या त्यांच्या ‘फोयास नोव्हास’ या संग्रहातल्या एका विभागाचं नाव आहे ‘जित्यांच्या विधवा आणि मेलेल्यांच्या विधवा’. नवरा हयात आहे, पण क्युबात. कुंकू आहे, पण घर सुनं. हे पुस्तक त्यांनी अर्पण केलं होतं हवानातल्या गलिसियन लोकांच्या एका धर्मादाय संस्थेला.

तिकडे गेलेले नुसते रडत बसले नाहीत, हे सांगितलं नाही तर मोरिन्याची कथा अर्धी राहील. त्यांनी मंडळं काढली. काही मंडळं साऱ्या गलिसियाची, काही एकाच खोऱ्याची, काही तर एकाच गावची. त्यांच्या वर्गणीतून गलिसियातल्या खेड्यांत शाळा उभ्या राहिल्या. आपल्याला सही करता येत नव्हती, ती आपल्या भाच्या-पुतण्यांना यावी म्हणून. गलिसियन भाषेची अकादमी १९०६ साली स्थापन झाली ती हवानातल्या लोकांच्या आधारावर. पोंदाल यांचे शब्द आणि व्हेईगा यांची चाल असलेलं गलिसियाचं राष्ट्रगीत पहिल्यांदा गायलं गेलं ते २० डिसेंबर १९०७ रोजी, तेही हवानात. पोट भरायला समुद्रापार गेलेल्या लोकांनी मागे सोडलेल्या मुलखाला अकादमी दिली, गीत दिलं, शाळा दिल्या. अन्न न जाणाऱ्या मेंढीच्या रोगाचं नाव घेऊन निघालेल्या भावनेनं इतकं बळ दाखवावं, यानं मी दर वेळी हलून जातो.

मोरिन्याच्या शेजारी हुरहुरीचा आणखी एक शब्द राहतो, ‘साउदादे’. त्याचं मूळ लॅटिनमधल्या एकटेपणाच्या शब्दात आहे. तो पोर्तुगीज आणि गलिसियन दोघांचा. साउदादेला तत्त्वज्ञ मिळाले. रामोन पिन्येइरो यांनी १९५०च्या दशकात तिच्यावर गलिसियन भाषेत तात्त्विक मांडणी केली. ती कुणाचीही, कशाचीही वाटू शकते, कधी न पाहिलेल्या गोष्टीचीही. मोरिन्याला पत्ता लागतो. ती अमुक डोंगराची, अमुक चुलीची, अमुक पावसाची असते.

साउदादे आपल्या किनाऱ्यावरही आली. गोव्यातल्या पोर्तुगीज बोलणाऱ्या घरांत हा शब्द चांगला रुळला होता. त्यामागे गलिसियाचा धागा आहे, कारण मध्ययुगात गलिसियन आणि पोर्तुगीज ही एकच भाषा होती. बाराव्या शतकात पोर्तुगाल वेगळं राज्य झालं आणि मग बोली हळूहळू दुरावल्या. खुद्द गलिसियात जन्मलेला जुआंव द नोव्हा १५०१ साली पोर्तुगीज राजाची चार जहाजं घेऊन हिंदुस्थानच्या वाटेला लागला, आणि १५०९ साली कोचीनला वारला. या जुन्या सामाईक भाषेची एक खूण आपण रोज हातात धरतो. लॅटिनमध्ये किल्लीला ‘क्लाव्हिस’. स्पॅनिशमध्ये त्याचं ‘यावे’ झालं. गलिसियन-पोर्तुगीजमध्ये मात्र सुरुवातीच्या ‘क्ल’चा ‘च’ झाला आणि ‘चावे’ बनलं. लिस्बनचे लोक पुढे ‘च’चा ‘श’ करू लागले. सोळाव्या शतकात जहाजांबरोबर आलेला जुना ‘च’ मराठीच्या ‘चावी’त राहिला, आणि गलिसियात तो आजही तसाच ऐकू येतो.

शब्द आपलं गाव असं जपतात. मोरिन्याच्या दुहेरी ‘र’मध्ये, तिच्या ‘इन्या’ शेपटात तिचं गाव आहे. त्या शेपटानं आणखी एक काम केलं. गलिसियनमध्ये ‘इन्या’ लाडानं लहान करण्याचाही प्रत्यय आहे, आपल्या ‘चिमुकली’सारखा. रोगाच्या नावात तो लाडासाठी आला नव्हता. पण ऐकणाऱ्याच्या कानाला तो लाडाचाच लागतो. त्यामुळे मरणाच्या धातूतून आलेला हा शब्द उच्चारताना मायेचा वाटतो. दुखणं आहे, पण आपलं आहे. बरं व्हावंसं वाटतं आणि पूर्ण जावंसंही वाटत नाही.

मराठीत त्याला काय म्हणावं? मी बराच काळ ‘हुरहुर’, ‘आठवण’, ‘विरह’ असे शब्द लावून पाहिले. मग लक्षात आलं की आपला शब्दही दावणीपाशीच आहे. ‘गावाची ओढ’ आपण सहज म्हणतो. बैल गाडी ओढतो ती ओढ हीच. आणि कितीही हाकललं तरी फिरून फिरून त्याच पिकात शिरणारं जनावर म्हणजे ‘ओढाळ’. बहिणाबाई चौधरींनी मनाला उपमा दिली ती अशाच पिकातल्या ओढाळ ढोराची. त्या जळगावकडच्या शेतात राबणाऱ्या होत्या. जनावराच्या वागण्यात माणसाचं मन वाचणं त्यांच्या रोजच्या सवयीचं काम होतं.

एका मुलखानं गोठ्यात पाहिलं ते वैरण सोडून उभं राहिलेलं जनावर. दुसऱ्यानं पाहिलं ते हाकलूनही परत फिरणारं. एकच दुखणं, दोन बाजूंनी. गलिसियन माणूस दाव्याला बांधलेल्या मेंढीचं दुःख सांगतो, आपण दावं तोडून निघालेल्या गाईचं. नाव ठेवणारे दोन्हीकडे तेच होते, पहाटे उठून आधी गुरांच्या डोळ्यांत पाहणारे. म्हणून मोरिन्या मला परकी वाटत नाही. तिला मराठीत आणायचं तर कोश उघडण्याआधी गोठ्याचं दार उघडावं लागेल.